पँट चढवली की ऊन पडतं

ब्रिटनमध्ये फार पाऊस पडतो ही निव्वळ अफवा आहे. लंडनला वर्षभरात मिळून साधारण ६०० मिलिमीटर पडतो. मुंबईला एकट्या जुलैत याहून जास्त पडतो, आणि आमच्या देवरुखात तर एवढ्यावर कुणी छत्रीची काडीसुद्धा दुरुस्त करून आणत नाही. त्यामुळे मोटरसायकलवरून एकट्याने वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड असा फेरा मारून यायचं ठरवलं, तेव्हा रेडिंगमधली झाडून सगळी मराठी मंडळी 'अरे, पण पाऊस!' म्हणाली आणि मी सगळ्यांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पाऊस आणि तो कुणाला सांगताय?

माझं मत अजूनही तेच आहे. प्रश्न पाण्याचा नाहीच, वागणुकीचा आहे. आपला पाऊस येतो तो वाजतगाजत. आभाळ भरतं, वारा सुटतो, दोरीवरचे कपडे काढायला पळापळ होते आणि मग कोसळतो. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही चिंब होता आणि विषय संपतो. एकदा भिजलेल्या माणसाला पाऊस आणखी काय करणार? हा इथला पाऊस मात्र दारात उभं राहून 'बसत नाही हां, निघालोच' म्हणत तासभर गप्पा छाटणाऱ्या पाहुण्यासारखा. धड आत येत नाही, धड जात नाही. तुम्हाला पूर्ण भिजू देत नाही आणि कोरडंही ठेवत नाही. आणि मोटरसायकलवाल्याचा खरा छळ या मधल्या अवस्थेतच आहे, कारण त्याच्याजवळ रेनकोटाची पँट असते.

ही पँट नेहमीच्या रायडिंग पँटवरून चढवायची असते. ती चढवण्यासाठी हमरस्त्याच्या कडेला, गाडी उभी करायला जिथे जरा जागा सोडलेली असते तिथे थांबायचं. गाडी स्टँडला लावायची. मग फ्लेमिंगोसारखं एका पायावर उभं राहून दुसरा पाय पँटीत घालायचा. पायात पोटरीपर्यंतचा बूट. बूट ओला. पँटीच्या आतलं अस्तर बुटाच्या टाचेला असं काही धरतं की पाय ना पुढे जातो ना मागे येतो. अशा वेळी तोल सांभाळायला गाडीचा आधार घ्यावा, तर स्टँड गवतात रुतत चाललेला असतो. म्हणजे तुम्ही गाडीला धरलंय की गाडीने तुम्हाला, ते कळत नाही. एवढ्यात शेजारून एक अजस्र ट्रक जातो आणि जे काम पावसाने अर्धवट ठेवलं होतं ते पूर्ण करून जातो.

अनुभवी लोक बुटावर आधी सुपरमार्केटची प्लॅस्टिकची पिशवी चढवतात आणि मग पाय घालतात. पाय सुळकन जातो. या युक्तीला मी मनापासून नमस्कार करतो, फक्त ती पिशवी पायावरून उडाली की वेल्सच्या वाऱ्यात तिच्यामागे एक पाय पँटीत आणि एक बाहेर अशा अवस्थेत धावावं लागतं. बाजूच्या शेतातल्या मेंढ्या चरायच्या थांबून बघतात.

हे सगळं होऊन, चेन ओढून, पट्ट्या आवळून, हेल्मेट चढवून, हातमोजे घालून (ओला हात ओल्या हातमोज्यात घालणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे) तुम्ही गाडीवर बसता आणि लख्ख ऊन पडतं. शेजारच्या टेकडीवर इंद्रधनुष्यसुद्धा उमटतं, खिजवायला. आता आतमध्ये तुमचं उकडीचं भांडं होतं. पुढच्या गावापर्यंत धीर धरून, थांबून, पुन्हा तेच नृत्य उलट्या क्रमाने करून पँट काढायची. घडी घालायची. डिकीत कोंबायची. मग भुरभुर सुरू होते.

या बाबतीत आमच्या कोकणातलं इरलं किती शहाणं होतं ते इथे आल्यावर समजलं. पानांचं, डोक्यावरून पाठीवर टेकवायचं, दोन्ही हात लावणीला मोकळे. ना चेन, ना पट्टी, ना एका पायावर उभं राहणं. पाऊस थांबला की बांधावर उलटं ठेवून द्यायचं. ताशी साठ मैलांवर ते डोक्यावर राहणार नाही, एवढाच काय तो दोष.

लंडनहून होलीहेडच्या बंदराला जाणारा ए-५ हा रस्ता टॉमस टेलफर्ड या इंजिनिअरने १९व्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. डबलिनचं टपाल लवकर पोचावं म्हणून वेल्सच्या डोंगरातून नेताना त्याने चढ इतका सौम्य ठेवला की गाडीच्या घोड्यांना दम लागू नये. घोड्यांचा एवढा विचार करणाऱ्या माणसाने अधूनमधून एखादी शेड टाकली असती तर माझ्यावर उपकार झाले असते. तरी रस्ता देखणा आहे. निदान हेल्मेटच्या काचेवरच्या वाफेतून मला तसा वाटला.

लँगोलेनच्या पुढे एका चहाच्या दुकानात शिरलो. इथे पँटीचा दुसरा गुण सांगायला हवा. पँटीच्या पट्टीवर '१०० टक्के वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं आणि ते खरं आहे, पाणी बाहेर जाऊ देत नाही. टाकीवरून ओघळणारं पाणी सीटच्या खोलगट भागात, म्हणजे थेट आपल्या मांडीत, तळं करून बसतं. समोरचा वारा ते तळं मागे रेटत राहतो. आणि ते आत शिरतं ते नेमकं तिथून, जिथून शिरल्याचं चारचौघांत सांगता येत नाही. बाकी अंग खडखडीत कोरडं. दुकानात जाऊन जॅकेट काढून उभा राहिलो, तर तिथल्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, शांतपणे कालचा पेपर आणून खुर्चीवर पसरला आणि विचारलं, "बाहेर जरा दमट आहे वाटतं?" खिडकीबाहेर रस्त्याचा ओढा झाला होता.

तिथेच एक आजोबा माझ्या एनफिल्डभोवती प्रदक्षिणा घालून आत आले. "ही आमची गाडी. रेडिचची." खरं आहे, वूस्टरशरमधल्या रेडिच गावीच या गाडीचा जन्म. मी म्हटलं, "हो, पण १९५५ पासून मद्रासला नांदतेय." आजोबा खूश झाले आणि त्यांनी पुढचा अर्धा तास जुन्या गाड्यांमधून तेल कसं आणि कुठून गळायचं ते सांगितलं. मी पेपरवर बसून ऐकत होतो. गळतीबद्दल सहानुभूतीने बोलणारा माणूस त्या दिवशी मला हवाच होता.

होलीहेड ते डबलिन बोटीला सव्वातीन तास लागतात आणि बोटीवर पाऊस पडत नाही, हे तिचं मुख्य आकर्षण. गाडी खाली पट्ट्यांनी आवळून ठेवायची आणि वर येऊन पुरुषांच्या स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं यंत्र गाठायचं. तिथे आधीच दोन मोटरसायकलवाले उभे होते. एकाने हातमोजा यंत्राच्या नळीवर असा चढवला होता की पाच बोटं फुगून तो आम्हाला थांबा म्हणत होता. कुणी कुणाशी बोललं नाही. रांग मात्र शिस्तीत लागली. नुसते हात धुऊन आलेल्या एका गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं आणि पँटला हात पुसून निघून गेले.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मला आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागला होता. ढगांना लागत नाही. वेल्समध्ये डोक्यावर होते तेच मला डबलिनला उतरवून घ्यायला हजर.

आयर्लंडची पश्चिम किनारपट्टी म्हणजे अटलांटिकवरून येणाऱ्या प्रत्येक ढगाचा पहिला थांबा. तिथून जाणारा सुमारे २५०० किलोमीटरचा 'वाइल्ड अटलांटिक वे' हा जगातल्या सुंदर रस्त्यांपैकी एक आहे असं सगळे सांगतात आणि मीही सांगतो, कारण रस्ता दिसत होता. पलीकडचा अटलांटिक दिसत नव्हता. डिंगलजवळचा कॉनर पास हा अरुंद घाट चढून गेलो. वर गाड्या थांबवून लोक कठड्याशी उभे होते आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे भक्तिभावाने बघत होते. मीही बघितलं. फोटो काढला. पुढे स्ली हेडला आणखी एक काढला. रात्री बायकोला दोन्ही पाठवले, तर तिचा निरोप आला, 'एकच फोटो दोनदा आलाय.'

डिंगलला जिथे उतरलो त्या घरच्या मालकीणबाईंनी दार उघडताच आधी माफी मागितली. पावसाबद्दल. जणू नळ त्यांच्याकडून चालू राहिला होता. मग "ये रे बाळा, आत ये" अशा सुरात त्यांनी मला दारातच बूट काढायला लावले, त्यात पेपरचे बोळे कोंबले, पँट, जॅकेट, हातमोजे सगळं उचललं आणि स्वयंपाकघरातल्या मोठ्या लोखंडी शेगडीवरच्या दांडीवर वाळत घातलं. सकाळी खाली आलो तर माझे हातमोजे आणि ब्रेड एकाच उष्णतेवर भाजले जात होते. हातमोजे कुरकुरीत झाले होते. ब्रेडबद्दल बोलत नाही, कारण बाई फार प्रेमळ होत्या.

त्या रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला. मी अभिमानाने खिडकीबाहेर फोन धरला. "बघ, दिवसभर यातून गाडी चालवली."

"कशातून?"

"पावसातून."

"कुठाय पाऊस?" मग तिने आपला फोन ओटीवर नेला. पागोळ्यांचा आवाज एवढा की पुढचं बोलणं ऐकूच आलं नाही. तिच्या हातवाऱ्यांवरून मात्र समजलं की हा खरा पाऊस आणि तुझं ते काहीतरीच.

आयर्लंडमधून उत्तर आयर्लंडमध्ये शिरताना सीमेवर कुणी अडवत नाही. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरच्या मैलांत जातात, त्यावरून देश बदलला हे ओळखायचं. माझी पँट त्या दिवशी आयर्लंडमध्ये चढवली गेली आणि युनायटेड किंगडममध्ये उतरवली गेली. हा आंतरराष्ट्रीय पराक्रम कुणाला सांगायला तिथे चौकीवर माणूस तरी असायला हवा होता. लार्नहून बोट पकडून दोन तासांत स्कॉटलंड.

वॉटरप्रूफ कापडाचा शोध स्कॉटलंडमध्येच लागला. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून त्याचं पेटंट घेतलं. गरज ही शोधाची जननी असेल तर ग्लासगोत ती चोवीस तास बाळंतीण असणार. लोकांना पावसाचा अंदाज वर्तमानपत्रात छापून देण्याची पद्धतसुद्धा इथलीच, १८६१ साली ॲडमिरल फिट्झरॉय यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये सुरू केलेली. तेव्हापासून या देशात हवामानाचा अंदाज असतो आणि मोटरसायकलवाल्याला त्याचा उपयोग नसतो. फोनवर 'पावसाची शक्यता ४० टक्के' असं दिसलं की पँट किती टक्के चढवायची? गुडघ्यापर्यंत?

ॲपलक्रॉसला जाणारा घाट समुद्राच्या पातळीपासून थेट ६२६ मीटरपर्यंत चढतो. एकच गाडी मावेल एवढा रस्ता, समोरून कुणी आलं की बाजूच्या फुगवट्यात थांबायचं. आमच्या आंबा घाटाची आठवण करून देणारी वळणं. आणि नवल म्हणजे वर पोचेतो पाऊस थांबला. वारा पडला. ढग फाकले, खाली समुद्र आणि पलीकडे स्काय बेट. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा काहीतरी दिसलं. पँट काढली, हेल्मेट काढलं, बिस्किटाचा पुडा उघडला.

तेव्हा मिज आले. मिज म्हणजे हायलँड्समधली चिलटासारखी माशी. डोळ्यांना जेमतेम दिसते, पण एकटी कधीच येत नाही. वारा असला की उडता येत नाही, म्हणून ती वारा पडायची वाट बघते. सगळ्या चावणाऱ्या माद्या. कानात, भुवयांत, बाहीत, बिस्किटात. मिनिटभरात मी हेल्मेट चढवलं, काच खाली घेतली, हातमोजे घातले आणि स्वतःहून, आभाळ निरभ्र असताना, रेनकोटाची पँट चढवली. शेजारी एक स्कॉटिश जोडपं तोंडाला जाळ्या बांधून सँडविच खात होतं. म्हणजे जाळी उचलायची, घास, जाळी खाली. त्यांनी मला सांगितलं की यावर एव्हॉनचं 'स्किन सो सॉफ्ट' नावाचं अंगाला लावायचं तेल चांगलं. पुढच्या गावात ते घेतलं. त्यानंतरचा सगळा प्रवास मी ओला असलो तरी त्वचा मुलायम होती.

परतीच्या वाटेवर लेक डिस्ट्रिक्टमधला होनिस्टर पास लागतो. इथे मात्र मी मान खाली घातली. ५ डिसेंबर २०१५ ला इथे चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला, ब्रिटनचा विक्रम. मुंबईत २६ जुलैला ९४४ पडला होता, हे मला ठाऊक आहे. आईला विचारलंत तर तीही सांगेल. पण होनिस्टरला ज्या दिवशी मी होतो त्या दिवशी पाऊस आडवा येत होता आणि आडव्या पावसाला आमच्याकडे मोजायचं मापच नाही.

शेवटी एम-६ या हमरस्त्यावर पेट्रोलसाठी थांबलो. पलीकडे एक धिप्पाड इंग्रज एका पायावर उड्या मारत होता. पँट टाचेत अडकलेली. मी जाऊन खांदा दिला. त्याने तो न बोलता घेतला. आम्ही दोघांनी मिळून ती पँट वर ओढली, पट्ट्या आवळल्या, आणि त्याने चेन बंद केली तोच ढग बाजूला होऊन लख्ख ऊन पडलं. त्याने आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय वाटतं तुम्हाला? काढू का?"

मी पश्चिमेकडे पाहिलं. तिथे एक काळा ढग टेकड्यांवरून आमच्याच दिशेने निघाला होता. मी देवरुखच्या माणसाला शोभेल अशा अधिकाराने आभाळ नीट न्याहाळलं आणि म्हटलं, "काढा खुशाल."

तो खाली वाकला तशी मी गाडी सुरू केली.