बारा मैलांपुढे कायदा संपत नाही

लातूर-नांदेडकडच्या सहलीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सारांश असा: समुद्रात १२ मैलांपुढे कुठल्याच देशाचा कायदा चालत नाही, म्हणून तर तिथं गेल्यावर कसिनो उघडतो, क्रूझ मधल्या बंदरांवर थांबते ती फक्त खरेदी करायला लावण्यासाठी, आणि जहाजातच बसून राहिलं तर त्या देशाचा व्हिसा लागत नाही. समुद्र आपल्यापासून लांब, त्यामुळे हे सहज पटतं. पण निवृत्तीची पुंजी मोडून क्रूझला जाणारी जोडपी आता मराठवाड्यातही आहेत, आणि त्यांना ही माहिती महागात पडू शकते.

पहिली गोष्ट १२ मैलांची. १९८२ च्या समुद्री कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारतानं १९९५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार १२ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरवर, किनाऱ्याच्या देशाची प्रादेशिक हद्द संपते. कस्टम आणि इमिग्रेशनपुरता त्याचा हात २४ मैलांपर्यंत पोचतो. त्याहीपुढे खुल्या समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा, म्हणजे जिथं त्याची नोंदणी, त्या देशाचा कायदा. एमएच २४ पासिंगची गाडी उदगीर ओलांडून बिदरला गेली, तरी तिची नोंदणी लातूरचीच राहते आणि वर कर्नाटकाचे नियमही पाळावे लागतात, दुसऱ्या देशाच्या हद्दीत शिरलेल्या जहाजाचं तसंच. कसिनो उघडतो कारण किनाऱ्यावरचा जुगाराचा कायदा मागे राहतो आणि झेंड्याच्या देशाचा, बहुतेकदा बहामा, पनामा किंवा माल्टाचा, कायदा त्याला परवानगी देतो. शिवाय भारतीय नागरिकानं जगात कुठंही गुन्हा केला, तरी भारतीय न्याय संहिता त्याला लागू होते. ‘तिथं काहीही चालतं’ असं पोरांना सांगणं तर सरळसरळ धोक्याचं आहे.

आता बंदरांचं. मेसेजमध्ये अलास्काच्या, म्हणजे कॅनडापलीकडच्या अमेरिकी राज्याच्या, क्रूझचं उदाहरण दिलंय: अमेरिकेतल्याच सिएटलहून निघालेलं जहाज परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी काही तास थांबतं, ‘ते कशाला?’ कारण अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा. परदेशी जहाजानं एका अमेरिकी बंदरातून प्रवासी उचलून दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवायचे नाहीत, हे त्याचं मूळ. सिएटलला चढून सिएटललाच उतरायचं, पण मधे अलास्काची बंदरं पाहायची, तर वाटेत एक तरी परदेशी बंदर घ्यावंच लागतं. नाहीतर प्रवाशामागे दंड. कॅलिफोर्नियाहून हवाईला जाऊन येणारी जहाजं मेक्सिकोच्या एन्सेनाडाला टेकतात, तीही याचसाठी.

याचा सगळ्यात ठळक पुरावा २०२१ चा. कोविडमुळे कॅनडानं क्रूझना बंदरं बंद केली आणि अलास्काचा हंगाम दुसऱ्या वर्षीही बुडायची वेळ आली. दुकानं हेच कारण असतं तर जहाजांनी व्हिक्टोरिया वगळून खुशाल फेरी मारली असती. प्रत्यक्षात मे महिन्यात अमेरिकी संसदेला परदेशी बंदराच्या या अटीतून सूट देणारा तात्पुरता कायदा करावा लागला, तेव्हा कुठं जुलैपासून मोठी जहाजं पुन्हा अलास्काला गेली.

बंदरावरच्या सहली जहाजातून महाग विकतात, ही तक्रार रास्त आहे. पण थांबा कुठं घ्यायचा, याचं ते उत्तर नव्हे. आपल्याकडेही १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात परदेशी झेंड्याच्या जहाजाला भारतीय बंदरांमधल्या वाहतुकीसाठी परवाना लागायचा. क्रूझ पर्यटन वाढावं म्हणून सरकारनं त्यात सवलत दिली. पर्यावरणाचे नियमही मार्ग वळवतात. ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसच्या मधल्या कालव्यातून मोठ्या क्रूझना बंदी आहे, आणि अलास्कातल्या ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या उपसागरात दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं जाऊ शकतात.

राहिला व्हिसा. व्हिक्टोरियाचा थांबा कायद्यानं आलेला, म्हणून तो टाळता येत नाही; आणि तिथं जहाज लागलं की तुम्ही कॅनडात असता. खाली उतरणार नाही म्हटलं तरी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा हवा, आणि परत अमेरिकेत शिरण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. कागद अपुरे असले तर सिएटलच्या धक्क्यावरच चढू देत नाहीत. म्हणून बुकिंगचे पैसे भरण्याआधी एजंटकडून बंदरांची पूर्ण यादी लेखी घ्या आणि एकेका देशाचा नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा.