हापूस महागला म्हणून द्राक्ष चढतं व्हय?

बंड्यानं भडंगाचा पुडा फोडतच जाहीर केलं, "यंदा आंबा नाही. हापूसचा भाव ऐकलाय का?"

सरांना एवढंच हवं होतं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण माणूस अजून फळा शोधतो. "ह्याला मागणीची छेदक लवचिकता म्हणतात. चहा महागला की कॉफीची मागणी वाढते. तसंच हापूस महागला की गिऱ्हाईक द्राक्षाकडं वळणार. अण्णा, तुमची चंगळ!"

अण्णांची तासगावजवळ दीड एकर बाग. ते भडंगातले फक्त शेंगदाणे वेचत होते. ही खोड जुनी, आम्ही बोलायचं सोडलंय.

"सर, हापूस महागला म्हणून माझ्या चार किलोच्या पेटीला कधी दहा रुपये चढले न्हाईत. आंबा उतरला की मात्र व्यापारी बांधावर येऊन तोंड वाकडं करतोय. तुमची लवचिकता एकाच बाजूला वाकते व्हय?"

"इतर परिस्थिती स्थिर असताना—"

"इतर परिस्थिती म्हणजे अवकाळी न्हवं? ती कवा स्थिर असती?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला.

"आणि हापूस भरात येतो तवर माझी बाग रिकामी झालेली असती," अण्णा आता रंगात आले. "माझी गाठ कलिंगडाशी. लईच भाव पडला तर बेदाणा करायचा. चार किलो द्राक्षाचा एक किलो. रॅकवर वाळवायचा, सांगलीच्या सौद्याला न्यायचा. गिऱ्हाईक फळ बदलतंय, मी गिऱ्हाईक बदलतो. पण सगळ्यांनीच रॅक भरले की बेदाणाबी पडतोय. मग सांगा कुठं वळू? कॉफीकडं?"

शेजारच्या हातगाडीवरची मावशी पायरी आंबे पुसत ऐकत होती. "सर, लोकं हापूसचा भाव विचारत्यात आन् पायरी नायतर लालबाग घिऊन जात्यात. आंब्याच्या जागी आंबाच लागतोय." सरांच्या तासाला इतकं कळलं असतं तर मी बी.कॉम.ला दोनदा बसलो नसतो.

"काहीजण तर हापूसच्या जागी हापूसच आणत्यात," अण्णा बंड्याकडं न बघता म्हणाले.

"मर्दा, ते कशाला उकरतोय?"

उकरणारच. बंड्यानं मागं 'अस्सल देवगड' म्हणून पेटी आणली होती. वहिनींचं माहेर जमखंडी. त्यांनी पेटीतल्या गवताखालचा पेपर काढला आणि धारवाडच्या सगळ्या बातम्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. कानडीत.

"गोड होता पण," बंड्या पुटपुटला.

"म्हणजे पर्यायी वस्तू!" सरांना पुन्हा जोर आला.

"पर्यायी कसली? पैसे देवगडचेच घेतले की!"

सरांनी विषय बदलायला विचारलं, "धोंड्याचा महिना आलाच की. जावयाला आमरस नको का? तिथं भाव कितीही असो, मागणी हलत नाही."

"बंड्याला काय काळजी?" अण्णांनी शेवटचा शेंगदाणा तोंडात टाकला. "सासरवाडीला तेच हापूस मिळणार. पेपर तेवढा ताजा."