चिलटांची तक्रार करणाऱ्या ताईंना नर्सरीकडून उत्तर

नमस्कार ताई, तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू वाचला, फोटो पण बघितले. तुमचं म्हणणं असं की आमच्याकडून नेलेल्या पीस लिली आणि सिंगोनियममुळे घरभर बारीक काळी चिलटं झालीत, चहात पडतात, मुलाला चावतात, स्प्रे मारला, बीटी (अळ्या मारणारं जीवाणूंचं औषध) पण टाकलं तरी फरक नाही, आणि आमच्या पोराने फोनवर "पाणी कमी घाला" एवढंच बोलून फोन ठेवला. पैसे परत द्या म्हणालात आणि बाकीच्यांना पण इथून झाडं घेऊ नका असं लिहिलंत, म्हणून उत्तर इथेच सगळ्यांसमोर देतोय, तसंही पावसाळ्यात आम्हाला हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

पोरगा जे बोलला ती उडवाउडवी नव्हती हो, खरं औषध तेच आहे. ही चिलटं झाडावर नाही, कुंडीतल्या ओल्या मातीवर जगतात. उडताना जी दिसते ती जेमतेम आठवडाभर जगते पण तेवढ्यात मातीत शंभर-दोनशे अंडी घालून जाते, मग आपल्या घरात असते तेवढ्या उबेत साधारण ३ दिवसांत अळी बाहेर, १० एक दिवस ती खात बसणार, ४ दिवस कोषात, की परत नवीन चिलट हजर. म्हणजे स्प्रे मारून हॉलमधली सगळी मारलीत तरी खाली पुढची फौज वाढतेच आहे, आणि घरात लहान मूल असताना तो स्प्रे रोज मारूच नका. अळ्या असतात वरच्या दोन-तीन इंच मातीत, तिथली बुरशी, शेवाळ, कुजलेला पाला खातात, फार झाल्या तर झाडाची कोवळी मुळं पण. तो वरचा थर नीट वाळू दिला की त्यांचं तिथे काही चालत नाही.

आता तुमचा दुसरा फोटो, तो मी झूम करून बघितला. पीस लिलीच्या बुडाशी चहाचा चोथा टाकलाय, त्याच्यावर पांढरी कापसासारखी बुरशी धरलीय आणि खालच्या प्लेटमध्ये काठोकाठ पाणी. ताई, साखर-दुधाचा ओला चोथा असा कुंडीत टाकणं म्हणजे चिलटांना रोजचा डबा लावून दिल्यासारखं आहे. चोथा, तांदळाचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी, हे सगळं निदान पावसाळा संपेपर्यंत बंद करा. निंबोळी पेंड टाका असं कुणीतरी तुम्हाला कमेंटमध्ये सांगितलंय, नका टाकू, ओल्या मातीत पेंडीला पण बुरशीच येते. आणि सिंगोनियमच्या कुंडीत वर पांढरे खडे घातलेत ते काढा, विकतो मीच, तरी सांगतोय, त्याच्याखाली माती वाळत नाही आणि वाळली की नाही ते दिसत पण नाही.

पाणी किती ते वार ठरवून नका घालू. जुलैत मुंबईत हवाच एवढी ओली असते की खिडकीपासून लांब ठेवलेली कुंडी आठवडा आठवडा वाळत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघायचं, कोकोपीट (मातीत मिसळलेला नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं, म्हणून कुंडी उचलून पण बघा, हलकी लागली तरच पाणी. पीस लिली तर स्वतःच सांगते, पानं जराशी मान टाकतात, पाणी दिलं की काही तासांत उभी राहते, घाबरायचं कारण नाही (रोज रोज मान टाकायला लावू नका मात्र).

चावण्याचं म्हणाल तर ही चिलटं चावत नाहीत. मुलाला चावतोय तो डास आहे, आणि मला खरी काळजी त्या भरलेल्या प्लेटची वाटली. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या साध्या पाण्यात वाढतो, बीएमसीची माणसं घरी येऊन मनी प्लांटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या प्लेटी तपासतात ते उगाच नाही. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यात पण टिकतात, आठवड्यातून एकदा प्लेट घासून कोरडी करा. हे आजच करा, चिलटांचं उद्या बघितलंत तरी चालेल.

बीटीचं तुम्ही पाकीट दाखवलंत म्हणून कळलं, त्याच्यावर कुर्स्टाकी लिहिलंय, ते पानं खाणाऱ्या सुरवंटांसाठी असतं, चिलटांना त्याने काही होत नाही. तुम्हाला हवं इस्रायलेन्सिस, बीटीआय म्हणतात, १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला जीवाणू, डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तेच. पाकिटावरच्या मापाने पाण्यात मिसळून मातीत घालायचं, अळीने ते खाल्लं तरच काम होतं म्हणून पानांवर फवारून उपयोग नाही, आणि मातीत ते फार दिवस टिकत नाही तेव्हा आठवड्याने परत द्यावं लागतं. चार आठवडे धरून चला, मधे दोन दिवस चिलटं दिसली नाहीत म्हणून थांबलात की कोषातली बाहेर येतात आणि लोक म्हणतात औषध बोगस. दालचिनी, हळद, कापूर यांच्या भरवशावर राहू नका.

कुंडीत अळ्या आहेत का बघायचंय तर कच्च्या बटाट्याची एक चकती मातीवर दाबून ठेवा, दोन-तीन दिवसांनी उलटून बघा, पारदर्शक अळ्या आणि काळं चकचकीत डोकं दिसलं तर ती कुंडी बाकीच्यांपासून बाजूला. काहीच नाही मिळालं तर बाथरूमची जाळी बघा, तिथल्या मोरीतल्या केसाळ पंखांच्या माश्या वेगळ्या, त्यांचा आमच्या झाडांशी संबंध नाही.

राहता राहिलं आमच्याकडून आली का. येऊ शकतात, पावसाळ्यात मुंबईतली कुठलीही नर्सरी चिलटं नाहीतच म्हणाली तर मी तरी विश्वास ठेवणार नाही, आमच्या शेडनेटखाली पिवळी चिकट कार्डं लटकतात ती त्यासाठीच. पण घरी नेल्यावर कोरड्या मातीत ती वाढत नाहीत, आणि दोन्ही झाडं फोटोत चांगली टवटवीत आहेत, त्यामुळे पैसे परत नाही देणार. कार्डं मात्र येऊन घेऊन जा, त्याचे पैसे नकोत, कुंडीत मातीच्या अगदी जवळ खोचायची, पंख्याखाली टांगायची नाहीत. त्याने सगळी मरत नाहीत, पण दर आठवड्याला किती चिकटली त्यावरून कमी होतायत का ते समजतं. सिंगोनियमची कुंडी घेऊन आलात तर खालची भोकं बुजलीत का तेही बघून देतो, सोमवारी बंद असतं, बाकी संध्याकाळी सातपर्यंत मी असतोच.