कॅमेरे आहेत, पण बाया किती?

जुळे सोलापूरला माझ्या भावाच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे. वहिनीची बाळंतपणाची रजा संपत आली, आता लेकराला सांभाळणार कोण? घरच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. थोरल्या काकूंचं म्हणणं, आजी घरात असताना लेकरू परक्याच्या दारात कशाला टाकायचं? (आजी म्हणजे माझी आई. तिचे गुडघे जिना उतरू देत नाहीत आणि तिला अजून कुणी विचारलेलंही नाही.) भावाने विजापूर रोडचं एक पाळणाघर बघून ठेवलंय. तिथे खोल्याखोल्यांत कॅमेरे आहेत, मोबाईलवर लाईव्ह दिसतं. मग काळजी कसली, असं तो म्हणतो.

मी इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहते. माझी मुलगी वर्षाची व्हायच्या आधीपासून नर्सरीत, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जाते. त्यामुळे "तुमच्याकडे काय बाई, सगळं शिस्तीत" हे मला हमखास ऐकायला मिळतं. शिस्त आहे, नाही असं नाही. दोन वर्षांच्या आतल्या तीन मुलांमागे एक माणूस हवाच, असा इथला कायदा आहे. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण एकाला चार होतं, 2023 मध्ये एकाला पाच केलं, तर त्यावरही पालकांनी बराच आरडाओरडा केला. ऑफस्टेड नावाची सरकारी तपासणी यंत्रणा आहे. तिचा अहवाल कुणालाही घरबसल्या वाचता येतो.

पण मला खरा भरवसा वाटला तो एका कागदामुळे. मुलगी घसरगुंडीवरून पडून तिच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. संध्याकाळी न्यायला गेले तर बाईंनी फॉर्म पुढे केला. त्यावर लहान मुलाची बाह्याकृती, कपाळावर पेनने केलेली फुली, पडल्याची वेळ, बर्फ कुणी लावला त्याचं नाव, आणि खाली माझ्या सहीची जागा. टेंगूळ लिंबाएवढंसुद्धा नव्हतं. आपल्याकडे "काही नाही हो, जरा पडली" म्हणून मिटलं असतं.

तरी इंग्लंडची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. दोन तपासण्यांमध्ये काही वर्षं सहज निघून जातात. नऊ महिन्यांपुढच्या मुलांसाठी नोकरदार आईबापांना आता सरकारी खर्चाने तास मिळतात, पण त्याआधी आमचा निम्मा जीव फीमध्येच गेला. आणि 2022 मध्ये मँचेस्टरजवळच्या एका नर्सरीत नऊ महिन्यांची मुलगी दगावली. तिला झोपवताना पालथं घालून बीनबॅगला बांधून ठेवलं होतं. सांभाळणाऱ्या बाईला 2024 मध्ये 14 वर्षांची शिक्षा झाली. त्या नर्सरीत कॅमेरे होते. कोर्टात जे पुढे आलं, त्यात नियमापेक्षा कितीतरी जास्त मुलं मोजक्या बायांच्या अंगावर टाकली होती, हेही होतं.

आपलं खारघर आठवा. 2016 मध्ये पाळणाघरातल्या आयाने दहा महिन्यांच्या बाळाला मारलं, तेही कॅमेऱ्यासमोर. आईला जखम दिसली तेव्हा कुठे चित्रण उघडून बघितलं गेलं. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले आणि पुन्हा सगळीकडे कॅमेऱ्याचाच घोष. कॅमेरा पुरावा देतो, धाकही देत असेल. पण बारा लेकरांत एकटी बाई दुपारी अडीचला वैतागलेली असते, तेव्हा कॅमेरा काही तिच्या हातातून एक लेकरू घेत नाही. आणि भाऊ त्या वेळी ऑफिसात मीटिंगमध्ये असणार, मोबाईलकडे डोळे लावून बसणार नाही.

म्हणून वहिनीला मी तीनच गोष्टी बघायला सांगितल्या. न कळवता दुपारच्या जेवणाच्या वेळी जा. मुलं मोज, बाया मोज. आणि त्या बाया किती दिवसांपासून आहेत ते त्यांनाच विचार, मॅडमना नको. ती गेली. तिला दारातच "आत्ता मुलं झोपलीत, उद्या फोन करून या" असं सांगितलं गेलं. मला तेवढ्यावरच उत्तर मिळालं. भावाला अजून मिळालेलं नाही.

आजीचा पर्याय वाईट नाही, पण तिच्या तब्येतीचा आणि तिच्या मनाचा विचार त्यात धरावा लागेल. नाहीतर ती बिनपगारी आया झाली.

या सगळ्या वादात सोलापूरचा पूर्व भाग, म्हणजे विडी कामगारांची वस्ती, कुठेच नसतो, याचं मला नवल वाटतं. विडी कारखान्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर हवं, असं 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत 1966 चा विडी कामगार कायदाच सांगत होता. पण विड्या वळल्या जातात घरात. बाई कारखान्यातून पान-तंबाखू घेऊन येते, मांडीवर सूप घेऊन बसते आणि लेकरू त्याच तंबाखूच्या धुळीत शेजारी झोपतं. घरात ना कायदा पोचतो ना कॅमेरा. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची, आणि तीन वर्षांच्या आतलं मूल तिथे दिवसभर ठेवता येत नाही. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. आमच्या भागात अशा किती अंगणवाड्या झाल्या आणि तिथे किती मुलांमागे एक बाई आहे, हे वॉर्डात मतं मागायला येणाऱ्याला विचारा. तो कॅमेरे बसवून देतो म्हणेल. तेव्हा पुन्हा विचारा.