शिकवण्याचे तास कोण मोजतं?

नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये आठवड्याला ७० तास कामाचा सल्ला दिला, तेव्हापासून पुण्यातल्या माझ्या मित्रांमध्ये तासांवरून वाद सुरूच आहे. इथे स्टुटगार्टमध्ये तो ऐकताना वाटतं, त्या तासांत नवख्या डेव्हलपरचं काम बघणारं कुणी आहे का, हे आधी विचारा.

माझा भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. टीममध्ये त्याच्याहून अनुभवी कुणीच नाही. कोड चालला की मर्ज, म्हणजे कुणी न तपासता मुख्य कोडमध्ये सामील. ऑर्डरच्या यादीसाठी त्याने लूपमध्ये, म्हणजे तीच पायरी पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये, प्रत्येक ऑर्डरमागे डेटाबेसला वेगळी क्वेरी मारली, म्हणजे दर वेळी माहिती नव्याने मागितली. टेस्टिंगला मोजक्या ऑर्डर होत्या, पान झटक्यात उघडलं. प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या वापरात, हजारो आल्या आणि पान लटकलं. सर्व्हर कमी पडतोय असं समजून तो मेमरी वाढवत बसला. रिव्ह्यू करणाऱ्या, म्हणजे कोड तपासणाऱ्या सीनिअरला तो लूप पहिल्या नजरेत खटकला असता. मित्र म्हणतात, ‘आम्हाला तरी कुणी शिकवलं? आणि आता एआय आहेच की!’ पण भाचा मेमरीबद्दल विचारत राहिला आणि एआय मेमरीबद्दलच सांगत राहिलं.

जर्मनीत सॉफ्टवेअरचं काम शिकायला पदवीखेरीज दुसरीही वाट आहे. साधारण तीन वर्षं कंपनीत काम आणि सोबत व्यवसाय शाळा, शेवटी उद्योग-व्यापार मंडळाची परीक्षा. कंपनीतल्या प्रशिक्षकालाही शिकवण्याची पात्रता लागते, त्याची वेगळी परीक्षा असते. शिकवणं हा इथे कामाचाच भाग. सगळं आलबेल आहे असं नाही. घरून काम वाढल्यापासून इथलेही ज्युनिअर एकटे पडतात, कॅमेरा बंद ठेवून दिवसभर अडून राहतात.

आपल्याकडे १९६१ पासून शिकाऊ उमेदवार कायदा आहे. पण आयटी सेवा कंपन्यांचं गणित ‘बिलेबल’ तासांवर चालतं. सीनिअरने ज्युनिअरसोबत घालवलेल्या तासाचे पैसे ग्राहक देत नाही, म्हणून टाइमशीटमध्ये त्याला जागाच नसते. २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जण कमी करायचं ठरवलं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या पदांवरचे. नोकऱ्या गेल्याची हळहळ योग्यच होती. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांचं काय, हे मात्र माझ्या ओळखीत कुणी बोललं नाही.

मला वाटतं, ग्राहकाशी करार करतानाच रिव्ह्यूचे तास दरात धरावेत. आणि सीनिअरच्या अप्रेझलमध्ये त्याने कुणाला तयार केलं, हे नावानिशी यावं.