खंयची गो तू, चेडवा?

घरातलं म्हातारं माणूस दवाखान्यात न्यायचं तर आधारकार्ड, जुने रिपोर्ट, पेजेचा डबा एवढं सगळेच नेतात. तुम्ही मुख्य काम विसरू नका: रात्रपाळीच्या सिस्टरची जात काढणे.

थेट विचारायचं नाही, आपण शिकलेली माणसं. कोकणात त्याची रीत आहे. आजीला पुढे करायचं, ती प्रेमाने विचारते, "खंयची गो तू, चेडवा?" गाव कळलं की लगेच वाडी. निम्मं काम तिथेच होतं. डिसेंबर 2020 मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, त्यामुळे हल्ली "म्हणजे आधीची खंयची वाडी?" असा जादा प्रश्न लागतो. तरी उलगडा झाला नाही तर कुलदैवत विचारा. सिस्टर केरळची निघाली तर मात्र सगळी मेहनत पाण्यात. अशा वेळी तुमचं बीपी वाढतं, ते तिच्याचकडून मोजून घ्या.

मग इन्चार्ज सिस्टरला बाजूला घेऊन हळूच सांगायचं, "आपल्यातली कोणी असली तर बरं." आजीला फक्त मालवणी कळतं, किंवा अंग पुसताना पुरुष नको, असल्या किरकोळ गोष्टी सांगत बसू नका. त्या खऱ्या गरजा असतात, आपला मुद्दा वेगळा आहे.

कोणी मागासलेले म्हणालं तर अमेरिकेचा दाखला द्या. इंडियाना राज्यातल्या वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात एका बाईंना काळी मदतनीस नको होती. व्यवस्थापनाने कुरकूर न करता रोजच्या ड्युटीच्या कागदावर तशी नोंद घातली. एकदा त्या बाई जमिनीवर पडलेल्या, उठायची ताकद नाही. समोर उभ्या असलेल्या काळ्या मदतनीस बाईने हात लावायचा नाही, म्हणून ती गोरी मदतनीस शोधत इमारतभर फिरली. याला म्हणतात शिस्त! 2010 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने रुग्णाच्या आवडीचं हे कारण ऐकून घेतलं नाही, 1964 च्या नागरी हक्क कायद्याकडे बोट दाखवलं. तेवढं सांगू नका.

आपल्याकडे इमारत लहान, शोधायला वेळ कमी लागेल.

अपवाद एकच, लाल विंचवाचा. तो डसला, घाम फुटला, हातपाय गार पडले की प्राझोसिनची गोळी कोणाच्या हातची हे विचारायचं नाही. आपद्धर्म. रक्ताच्या पिशवीचंही तसंच, तिच्यावर गट छापतात, वाडी छापत नाहीत. बरं वाटल्यावर शुद्धी करून घेता येते. महाडला 1927 मध्ये चवदार तळ्यात घागरीच्या घागरी पंचगव्य ओतलं होतं. फक्त आयसीयूत घागर नेऊ देत नाहीत, तिथला वॉचमन फार कडक.

एवढं करूनही रात्री दोनला आजीला बेडपॅन लागतो. तुम्ही खुर्चीत, मोबाइल छातीवर. मावशी येते, भांडं लावते, काढते, धुऊन ठेवते.

तिला मात्र वाडी विचारलेली मी अजून कुठल्या वॉर्डात ऐकलेली नाही.