बीबी मरियम, मारियामाता आणि वाटीभर खजूर

गेल्या आठवड्यात शेजारच्या खाला वाटीभर खजूर घेऊन आल्या. त्यांची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आहे आणि खाला तिच्या उशाशी बसून रोज कुराणातला मरियमचा, म्हणजे १९ वा अध्याय वाचतात. त्यात कळांनी व्याकूळ झालेली मरियम खजुराच्या बुंध्याला टेकते, याआधीच मेले असते तर बरे झाले असते असे म्हणते, आणि तिला बुंधा हलवायला सांगितले जाते, म्हणजे ताजे खजूर खाली पडतील. मी वसईच्या कॅथलिक घरातली, लग्नानंतर माहीमला आलेली. मरियम म्हणजे आमची मारियामाता, येशूची आई; तिच्या कळांचे हे वर्णन आमच्या शुभवर्तमानांत नाही, आणि खालांच्या तोंडून ऐकताना मी गहिवरले.

कुराणात नावानिशी उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री आहे. येशूचा कुमारिकेच्या पोटी झालेला जन्म, त्याचे चमत्कार, मसीहा ही त्याची पदवी, हे सारे कुराण मान्य करते. मात्र तो देवाचा पुत्र आहे हे ते नाकारते, 'तीन म्हणू नका' असे बजावते आणि त्याला क्रूसावर मारले गेले नाही असे सांगते. म्हणजे गुड फ्रायडेला मी ज्यासाठी गुडघे टेकते, नेमके तेच. हा भेद किरकोळ नाही, आणि सलोख्याच्या सभांमध्ये तो झाकून ठेवला जातो याचे मला वाईट वाटते.

वागणुकीचा इतिहासही एका रंगाचा नाही. मक्केत छळ झालेल्या मुसलमानांना इ.स. ६१५ च्या सुमारास हबशाच्या, म्हणजे इथिओपियाच्या, ख्रिस्ती राजाने आश्रय दिला आणि परंपरा सांगते की त्याच्या दरबारात हाच मरियमचा अध्याय म्हटला गेला. धर्मात बळजबरी नाही, असे कुराण म्हणते. ग्रंथधारकांचे, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती लोकांचे, अन्न आणि त्यांच्या स्त्रियांशी विवाहही ते वैध ठरवते. पण त्याच कुराणात जिझियाची, म्हणजे इतर धर्मीयांवरच्या कराची, आज्ञा आहे, आणि तिच्या आधारे पुढच्या राज्यांनी इतर धर्मीयांना जीविताची व उपासनेची हमी दिली ती दुय्यम प्रजा म्हणून. त्या काळच्या युरोपात ज्यू लोकांचे जे हाल झाले त्या मानाने ही व्यवस्था पुष्कळदा बरी होती, हे मी ख्रिस्ती असूनही मान्य करते. तरीही संरक्षण म्हणजे बरोबरी नव्हे. अकबराने १५६४ मध्ये जिझिया उठवला आणि औरंगजेबाने १६७९ मध्ये तो पुन्हा बसवला. धर्मग्रंथ दोघांचा एकच होता, म्हणून राज्यकर्त्याच्या निवडीचा दोष किंवा श्रेय सरसकट धर्माच्या माथी मारणे मला पटत नाही.

त्याच न्यायाने, आजच्या अन्यायावर जुन्या औदार्याचे पांघरूण घालणेही मला पटत नाही. पाकिस्तानात आसिया बीबी या ख्रिस्ती मजूर बाईला २०१० मध्ये धर्मनिंदेवरून फाशीची शिक्षा झाली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले, तोवर तिची आठ-नऊ वर्षे तुरुंगात गेली होती. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने २०११ मध्ये गोळ्या घातल्या. तासीर मुसलमान होते, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.

मी खालांना सरळ विचारले, "तुम्ही येशूला देव मानत नाही, मग बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला माझ्यासोबत चर्चपर्यंत का येता?" त्या म्हणाल्या, "देव एकच, त्यात वाटेकरी नाही, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण बीबी मरियमचं घर माझ्या गल्लीच्या टोकाला आहे, मग तिथं सलाम करायला नको का?" त्यांच्यातल्या काही कडक मंडळींना हेही चालत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. येत्या बुधवारी आम्ही दोघी निघू. मी आत जाईन आणि खाला लेकीसाठी दुआ मागत दाराशी थांबतील.